रवीने घुसळलेला धातू

मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. दोन रंगांची मेणमाती घ्या. ती नसेल तर घरी कणीक मळली जात असताना एक गोळा मागून घ्या आणि त्यातल्या अर्ध्या भागात थोडी हळद मिसळा. झाले दोन रंग! आता दोन्हींच्या बोटभर जाडीच्या सारख्या पट्ट्या करा आणि पोळपाटावर कडेला कड लावून ठेवा. पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. सांधा लगेच सुटतो, होय ना?

पट्ट्या पुन्हा जुळवा. एक पेन्सिल घ्या. तिचे बोथट टोक बरोबर सांध्यावर उभे रोवा, पण पोळपाटाला टेकू देऊ नका. मग ती चिमटीत गरगर फिरवीत सांध्यावरून हळूहळू पुढे न्या. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरते ना, अगदी तशी. पेन्सिल गेली त्या वाटेवर पिवळी आणि पांढरी कणीक एकमेकींत मिसळलेली दिसेल. आता ओढून पाहा. पट्टी सहजासहजी सुटणार नाही.

विमाने, आगगाड्या आणि अग्निबाण बनवणाऱ्या कारखान्यांत हेच काम चालते. फक्त तिथे कणकेच्या जागी ॲल्युमिनियमचे जाड पत्रे असतात आणि पेन्सिलीच्या जागी कठीण पोलादाची फिरती खुंटी. या पद्धतीला ‘फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग’ म्हणतात. आपण तिला घुसळजोड म्हणू या.

आता तुम्ही म्हणाल, “वेल्डिंग तर आमच्या गल्लीतला कारागीरही करतो. त्यासाठी एवढी घुसळाघुसळ कशाला?” प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे.

ॲल्युमिनियमचे नखरे

काळी काच डोळ्यांपुढे धरून लोखंडी फाटक जोडणारा कारागीर तुम्ही पाहिलाच असेल. विजेच्या प्रखर ज्योतीने दोन्ही कडा वितळतात, त्यांत वेल्डिंग रॉडचा वितळलेला धातू मिसळतो आणि निवल्यावर सगळे एकजीव होते. लोखंड हे निमूटपणे सोसते. ॲल्युमिनियम मात्र चार प्रकारे अडवणूक करते.

पहिली अडचण म्हणजे त्याची साय. दूध तापवले की साय येते. ॲल्युमिनियमवर तर हवा लागताक्षणीच ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. तो असतो अवघा काही दशलक्षांश मिलिमीटर जाडीचा, पण मोठा चिवट. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते, तर हा पापुद्रा वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरची साय घट्टच! मग दोन्ही बाजूंचा धातू एकमेकांत मिसळणार कसा?

दुसरी अडचण उष्णतेची. ॲल्युमिनियम उष्णतेचे फार चांगले वाहक आहे, लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट. सांध्याला दिलेली उष्णता तिथे न थांबता पत्र्यात दूरवर पळून जाते.

तिसरी अडचण हायड्रोजन वायूची. वितळलेले ॲल्युमिनियम हा वायू भरपूर शोषून घेते, पण घट्ट होताना त्याला आत ठेवून घेत नाही. वायू बाहेर पडू पाहतो, तेवढ्यात धातू गोठतो आणि जोडात बुडबुड्यांची छिद्रे अडकून पडतात.

चौथी अडचण सर्वांत वाईट. घट्ट होताना ॲल्युमिनियम सुमारे सहा टक्के आकसते. विमानांना लागणाऱ्या तांबेमिश्रित आणि जस्तमिश्रित मिश्रधातूंचे सगळे भाग एकदम गोठत नाहीत. स्फटिककणांच्या मध्ये थोडा द्रव शेवटपर्यंत रेंगाळतो. त्याच वेळी आजूबाजूचा धातू आकसून ओढ देतो आणि सांधा निवता निवताच तडकतो. म्हणजे जे मिश्रधातू सर्वांत बळकट, नेमके तेच वितळवून जोडायला सर्वांत अवघड! म्हणूनच विमानांच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा दिसतात. आजही बहुतेक प्रवासी विमानांची ॲल्युमिनियमची अंगे रिव्हेटांनीच जोडलेली असतात.

या चारही अडचणी नीट तपासून पाहा. त्यांतल्या बहुतेक कधी उद्भवतात? धातू वितळतो तेव्हा. मग तो वितळवलाच नाही तर?

खांदा आणि खुंटी

हीच युक्ती १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ या संस्थेत वेन टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढली. डिसेंबर महिन्यात तिच्या पेटंटसाठी अर्जही झाला.

हत्यार दिसायला अगदी साधे आहे. एक जाड दंडगोल, त्याच्या तळाला मधोमध एक छोटी खुंटी. दंडगोलाच्या रुंद तळाला ‘खांदा’ म्हणतात. खुंटीवर बहुधा स्क्रूसारखे आटे असतात. पत्रा ६ मिलिमीटर जाड असेल तर खुंटी त्याहून किंचित आखूड ठेवतात. पोळपाटाला पेन्सिल टेकू देऊ नका असे सांगितले होते, ते आठवले ना?

दोन्ही पत्रे पोलादी पाटावर कडेला कड लावून घट्ट आवळतात. फिरते हत्यार सांध्यावर दाबले जाते. खुंटी आत शिरते, खांदा पत्र्याच्या पाठीला टेकतो. तिथे ते क्षणभर थांबते. खांद्याखाली जबरदस्त घर्षण होते, थंडीत तळहात घासल्यावर होते त्याहून हजारो पटींनी अधिक. धातू तापतो आणि मऊ होतो. मग हत्यार सांध्याच्या रेषेवरून पुढे सरकू लागते. खुंटी पुढचा मऊ धातू आपल्याभोवती वळवून मागे टाकते आणि खांदा त्याला वरून दाबून बसवतो.

तापमान किती वाढते? साधारणतः ४०० ते ५०० अंश. ‘६०६१’ नावाचा एक नेहमीचा मिश्रधातू घ्या. त्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे एक टक्का मॅग्नेशियम आणि थोडे सिलिकॉन असते. तो वितळायला सुरुवात होते ५८० अंशांच्या आसपास. म्हणजे धातू तापतो, मऊ होतो, पण वितळत नाही. लोहारही लोखंड लाल करूनच ठोकतो, त्याचे पाणी करत नाही. तसेच हे.

यात एक गंमतही आहे. धातू जास्त तापला की जास्त मऊ होतो. मऊ झाला की खुंटीला विरोध कमी करतो. विरोध कमी झाला की उष्णताही कमी निर्माण होते. धातू जणू स्वतःच आपल्या तापण्याला लगाम घालतो!

आणि ती ऑक्साइडची साय? घुसळताना तिचा चुरा होतो आणि तो धातूत विखरून जातो. उघडा पडलेला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो आणि दाबाखाली एकजीव होतो. शिवाय इतक्या मळण्यामुळे जुने मोठे स्फटिककण मोडतात आणि त्यांच्या जागी अगदी बारीक नवे कण तयार होतात, मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढे. जोड आडवा कापून घासूनपुसून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर मधल्या भागात अनेकदा कांद्याच्या पाकळ्यांसारखी वर्तुळे दिसतात. संशोधकांनी त्यांना नावही ‘कांद्याची वलये’ असेच दिले आहे.

यंत्राच्या चार किल्ल्या

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ. यंत्र तेच, हत्यार तेच, पत्रेही तेच, तरी एक जोड पोलादासारखा विश्वासू निघतो आणि दुसरा आतून पोकळ. असे का? कारण कारागिराच्या हाती चार किल्ल्या असतात. त्या कशा फिरवल्या यावर सारे अवलंबून असते.

पहिली किल्ली फेऱ्यांची. हत्यार मिनिटाला किती वेळा फिरते? फेरे वाढवले की उष्णता वाढते.

दुसरी किल्ली चालीची. हत्यार सांध्यावरून मिनिटाला किती मिलिमीटर पुढे सरकते? चाल वाढवली की प्रत्येक ठिकाणी उष्णता मिळायला वेळ कमी मिळतो, म्हणून जोड थंड राहतो.

या दोन किल्ल्या एकत्रच पाहाव्या लागतात. समजा, हत्यार मिनिटाला १,००० फेरे घेते आणि २०० मिलिमीटर पुढे जाते. मग एका फेऱ्यात ते किती सरकले? २०० भागिले १,०००, म्हणजे ०.२ मिलिमीटर. फेरे तेच ठेवून चाल ५० वर आणली तर एका फेऱ्यात सरकेल फक्त ०.०५ मिलिमीटर. म्हणजे त्याच जागेला चौपट वेळा घुसळले जाईल आणि जोड बराच अधिक तापेल. एका फेऱ्यातली ही वाटचाल म्हणजे जोड गरम आहे की थंड, हे ओळखायची सोपी खूण आहे.

तिसरी किल्ली दाबाची. खांदा पत्र्यावर किती जोराने टेकतो? हा दाब काही शे किलोंपासून टनभर वजनाइतका किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. म्हणूनच पत्रे आवळून धरणारे शिकंजे भक्कम लागतात.

चौथी किल्ली कलाची. हत्यार अगदी उभे न ठेवता दोन-तीन अंश मागे कलते ठेवतात. त्यामुळे खांद्याची मागची कड थोडी खाली राहते आणि घुसळलेल्या धातूला दाबत जाते. गवंडी थापी किंचित कलती धरून गिलावा दाबतो, तसेच.

थंड जोड, गरम जोड

आता किल्ल्या चुकल्या तर काय होते ते पाहू.

फेरे कमी आणि चाल फार जास्त ठेवली, तर धातू पुरेसा मऊ होत नाही. खुंटीने मागे सोडलेली पोकळी भरून यायला त्याला सवड मिळत नाही. मग जोडाच्या पोटात, त्याच्या लांबीभर, एक बारीक बोगदा राहून जातो. वरून पाहाल तर पृष्ठभाग गुळगुळीत! तुमच्या कणकेच्या प्रयोगात पेन्सिल झपाट्याने ओढून पाहा, मागे चर उरतो की नाही? हा बोगदा बहुधा एकाच बाजूला सापडतो. ज्या बाजूला खुंटीचा पृष्ठभाग हत्याराच्या चालीच्याच दिशेने फिरतो, त्या बाजूला. तिथून खुंटी धातू पुढे ओढून नेते आणि मागची जागा भरायची राहून जाते.

याउलट फेरे फार, चाल मंद आणि दाब जास्त असेल, तर धातू अति मऊ होऊन खांद्याच्या कडेने बाहेर ओघळतो. करंजी जास्त दाबल्यावर सारण बाहेर येते ना, तसा. जोडाच्या जागी पत्रा पातळ होतो.

खुंटी फारच आखूड असेल तर तळाशी सांधा न घुसळलेलाच राहतो. कडा एकमेकींना नुसत्या चिकटून बसतात. क्ष-किरणांनाही असला दोष सहजासहजी दिसत नाही. म्हणून जोडाचा नमुना कापून तो वाकवून पाहतात. तळाची बाजू बाहेर येईल असा वाकवला की लपलेली भेग तोंड उघडते.

तुम्ही म्हणाल, “सोपे आहे! बोगदा राहणार नाही इतपत जोड गरम ठेवायचा, म्हणजे झाले.” थांबा. इथेच खरी मेख आहे.

गमावलेले बळ

६०६१ या मिश्रधातूला बळकटी कुठून येते? त्याला आधी सुमारे ५३० अंशांवर तापवतात, पाण्यात बुडवून एकदम थंड करतात आणि मग १७० अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवतात. या काळात त्याच्या पोटात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरत असतात. हे कण त्या घसरणीच्या वाटेत खडे होऊन उभे राहतात. असे कालांतराने कठीण होणारे ॲल्युमिनियम प्रथम १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना सापडले.

या कणांची किमया किती? एक चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली, तर मऊ स्थितीत ती सुमारे साडेबारा किलो वजनाला तुटते. कठीण केलेली तीच तार सुमारे ३१ किलो पेलते!

पण हे कण उष्णतेला भितात. जोड घालताना आजूबाजूचा पत्रा दोनशे-तीनशे अंशांवर जातो. तिथे पुष्कळ बारीक कण एकत्र येऊन थोडे मोठे कण होतात. वाटेवर हजार खडे विखुरले तर चालणे अवघड, पण तेच खडे गोळा करून चार ढीग केले तर त्यांच्यामधून खुशाल निघून जाता येते. नेमके तेच होते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. म्हणून कठीण ६०६१ चा उत्तम घुसळजोड ओढून तोडला, तर तो बहुधा घुसळलेल्या भागात तुटत नाही. तो तुटतो शेजारच्या, खुंटीने स्पर्शही न केलेल्या पट्ट्यात! त्याचे बळ ३१ किलोंवरून बहुधा २० ते २४ किलोंच्या दरम्यान आलेले असते.

म्हणजे दोन्हीकडून कोंडी झाली. जोड गरम ठेवला तर बोगदा टळतो, पण शेजारचा धातू जास्त काळ तापून जास्त मऊ पडतो. जोड थंड ठेवला, म्हणजे हत्यार झपाट्याने पुढे नेले, तर शेजारचे बळ टिकते, पण पोटात बोगदा राहण्याची भीती. कारागिराला या दोहोंच्या मधली वाट शोधावी लागते. दोष राहणार नाही इतपत गरम आणि त्याहून उगीच जास्त नाही. ही वाट प्रत्येक मिश्रधातूला, प्रत्येक जाडीला, प्रत्येक खुंटीला वेगळी असते. म्हणूनच नवे काम हाती घेण्यापूर्वी शेकडो नमुने जोडून तोडून पाहतात.

खुंटी बदलली आणि...

ही वाट चुकली तर काय होते, याची एक खरी गोष्ट ऐका.

अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने चंद्राकडे जाण्यासाठी एक प्रचंड अग्निबाण बांधला. त्याच्या द्रव हायड्रोजनच्या टाकीत सुमारे २० लाख लिटर इंधन मावते. टाकीची उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी, आणि व्यास ८.४ मीटर. आतले हायड्रोजन शून्याखाली २५३ अंश इतके थंड! ही टाकी तांबेमिश्रित ‘२२१९’ या ॲल्युमिनियमच्या गोल पिंपांसारख्या भागांची बनते आणि ते भाग घुसळजोडाने जोडले जातात. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या कारखान्यात त्यासाठी मोठ्या इमारतीएवढे उंच यंत्र उभारले गेले. २०१४ साली त्याचे उद्घाटन झाले. या यंत्रात खाली पोलादी पाट नसतो. पत्र्याच्या आत एक आणि बाहेर एक असे दोन खांदे असतात आणि ते पत्रा दोन्हींकडून चिमटीत धरतात.

जोड चांगले येत होते. मग हत्याराच्या खुंटीच्या घडणीत बदल केला गेला. बदल छोटासाच. पण नव्या खुंटीने घातलेल्या जोडांचे नमुने ओढून पाहिले, तेव्हा काहींचे बळ अपेक्षेपेक्षा कमी भरले. ही गोष्ट २०१७ साली जाहीर झाली. अभियंते पुन्हा जुन्या घडणीच्या खुंटीकडे वळले. तयार झालेली एक हायड्रोजनची टाकी बाजूला ठेवून पहिल्या उड्डाणासाठी दुसरी टाकी जोडावी लागली.

विचार करा, केवढी अवाढव्य टाकी आणि केवढीशी ती खुंटी! पण नमुने तोडून पाहण्याचा कंटाळा कोणी केला असता, तर तो कच्चा जोड इंधनाने भरलेल्या अग्निबाणात जाऊन बसला असता. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी हा अग्निबाण फ्लोरिडातून उडाला आणि त्याने माणसाविना एक यान चंद्राकडे धाडले. त्याच्या टाक्यांनी दगा दिला नाही.

मासळीपासून संगणकापर्यंत

घुसळजोड सगळ्यात आधी कुठे कामाला आला असेल? अग्निबाणात? नाही! १९९६ साली स्वीडनमध्ये मासेमारी बोटींवर मासळी गोठवण्याच्या पोकळ पाट्या या पद्धतीने जोडल्या गेल्या. पुढे जहाजांचे ॲल्युमिनियमचे तक्ते आणि जपानमधल्या आगगाड्यांच्या डब्यांचे पत्रे आले. १९९९ साली ‘डेल्टा’ अग्निबाण घुसळजोड घेऊन उडाला. २०१२ साली ‘ॲपल’ कंपनीने आपल्या पातळ संगणकाच्या कडा याच पद्धतीने जोडल्या. या कामात ना ठिणग्या, ना डोळे दिपवणारा प्रकाश, ना धूर. कारागिराला काळी काचही लागत नाही.

आता शेवटचा एक प्रश्न, आणि तो तुम्हाला. कणकेच्या पट्टीवरून पेन्सिल नेलीत आणि शेवटी उचललीत, तेव्हा तिथे काय उरले? एक भोक! धातूतही तसेच भोक उरते. सपाट पत्रा असेल तर तेवढे टोक कापून टाकता येते. पण टाकीभोवती गोल जोड घातला तर टोक आहेच कुठे? जिथे हत्यार उचलाल तिथे भोक राहणार आणि त्यातून इंधन गळणार. मग काय करावे?

उत्तर वाचण्याआधी पान झाकून दोन मिनिटे डोके खाजवा.

अभियंत्यांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे चालता चालता हळूहळू वर ओढून घेता येणारी खुंटी. जोड संपत आला की ती आत जाते आणि भोक उरतच नाही. दुसरी वाट त्या मोठ्या टाकीच्या गोल जोडांसाठी वापरतात. भोकात धातूचे एक निमुळते बूच गरगर फिरवीत घट्ट बसवायचे. घर्षणाने ते तापते, मऊ होते आणि टाकीच्या भिंतीशी एकजीव होऊन जाते. तुमच्यापैकी किती जणांना यातली एखादी वाट सुचली? कणकेवर दोन्ही करून पाहा आणि कोणती पट्टी ओढायला अधिक चिवट लागते ते ठरवा.